पंखा बंद करा, किनेक्ट लावतोय

माळा आवरणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी माळा आहे त्यांनाच कळेल. दिवाळीच्या आधी डोंबिवलीला आईकडे गेले होते, मी स्टुलावर चढलेली, आई खालून एकेक वस्तू झेलतेय आणि प्रत्येक वस्तूला "राहू दे गं, लागेल" म्हणतेय, म्हणजे आवरणं कमी आणि जागा बदलणं जास्त. बाबांच्या बँकेच्या कोऱ्या डायऱ्या, आकाशकंदिलाचा सांगाडा, एक झाकण नसलेला कुकर, आणि सगळ्यात मागे उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेलं लांबट, हाताला चांगलंच जड लागणारं काहीतरी. मला वाटलं जुनी इस्त्री असेल. उघडलं तर काळाकुळकुळीत, तीन डोळ्यांचा किनेक्ट.

"अगंबाई, नंदीबैल!" आई म्हणाली.

आमच्याकडे त्याला नंदीबैलच म्हणायचे. नाव आजीनं ठेवलेलं, कारण चालू केला की त्याच्या मानेतली मोटर घुंss करून आधी वर बघायची मग खाली, समोर उभ्या माणसाचं डोकं आणि पाय दोन्ही दिसताहेत का ते तपासायला. आजी पहिल्यांदा बघून म्हणाली, "सांग सांग भोलानाथ म्हणा की त्याला, पाऊस पडेल का." झालं, तेव्हापासून तेच नाव.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा एक्सबॉक्स ३६० ला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोलला, लावायचा कॅमेरा. हातात रिमोट नाही, बटण नाही, काही नाही, तुम्ही टीव्हीसमोर उभं राहायचं आणि तुमचं अंग हाच कंट्रोलर. मायक्रोसॉफ्टनं २००९ च्या जूनमध्ये 'प्रोजेक्ट नेटाल' या नावानं दाखवला (नेटाल हे ब्राझीलमधलं शहर, आणि ज्याच्या डोक्यातून हे निघालं तो अ‍ॅलेक्स किपमन ब्राझीलचा) आणि ४ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेत विकायला काढला. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकले गेले, गिनीज बुकात नोंद झाली, सगळ्यात वेगानं खपलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणून. त्या ऐंशी लाखांत आमचा नव्हता. आमचा आला २०११ च्या गुढीपाडव्याला, इंडियानं वर्ल्डकप जिंकून दोन दिवस झाले होते, दादाला पहिला बोनस मिळालेला आणि माणसं आनंदात असली की घरात नको ती खरेदी होते. बाबांना सांगताना त्यानं किंमत अर्धी सांगितली होती हे आता लिहायला हरकत नाही.

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण कॅमेऱ्यासमोर हातवारे करून खेळायचा गेम मी पहिल्यांदा बघितला तो मामाकडे ठाण्याला. मामेभावाकडे प्लेस्टेशन २ हा सोनीचा कन्सोल होता आणि त्याला लावायचा आयटॉय. तोही सोनीचाच, २००३ सालचा, रिचर्ड मार्क्स नावाच्या माणसाचं डोकं त्यामागे. म्हणजे साधा वेबकॅमच, टीव्हीवर ठेवायचा, आणि स्क्रीनवर तुम्ही स्वतः दिसणार, बावळट चेहऱ्यासकट. त्यात एक गेम होता, विशी वॉशी, साबणाच्या फेसानं भरलेल्या खिडक्या हातानं पुसायच्या. आम्ही मुलं सुट्टीत तासन्‌तास खिडक्या पुसायचो आणि मामी स्वयंपाकघरातून ओरडायची की खऱ्या खिडक्या पुसा म्हटलं की कुठे जाता रे.

आयटॉयची गंमत म्हणजे त्याला माणूस वगैरे काही कळायचं नाही. त्याला एवढंच कळायचं की आत्ताचं चित्र आणि मगाचचं चित्र यात कुठे काय बदललं. जिथे बदललं तिथे हालचाल, जिथे हालचाल तिथे पॉइंट. त्यामुळे मामी मागून केर काढत गेली की खालच्या ओळीतल्या दोन खिडक्या फुकटात स्वच्छ व्हायच्या. पडदा हलला तरी पॉइंट. आणि त्याला उजेड लागायचा भरपूर, संध्याकाळी व्होल्टेज डाऊन झालं आणि ट्यूब मिणमिणायला लागली की त्याच्यावरचा लाल दिवा लुकलुकायचा, म्हणजे साहेबांना दिसत नाहीये. मग एक जण खेळणार आणि दुसरा टेबललॅम्प धरून उभा राहणार अशी पाळी लावायची. ती टेबललॅम्पची पाळी कायम माझ्यावर यायची हा माझा जुना राग आहे, भाऊ वाचत असेल तर त्याला कळू दे.

तर किनेक्ट. खोक्यावर फोटो होता, एक गोरं कुटुंब, मागे भलामोठा हॉल, लाकडी फ्लोअरिंग, सोफा पार लांब भिंतीला टेकलेला आणि मध्ये एवढी रिकामी जागा की आमच्याकडे तेवढ्यात सत्यनारायण झाला असता आणि वर पंगत बसली असती. आत कागदावर लिहिलेलं की एक माणूस खेळत असेल तर सहा फूट लांब उभं राहा, दोघं असाल तर आठ फूट. आमचा हॉल दहा बाय चौदा. त्यात एका बाजूला शोकेस, त्यात २९ इंची डबा टीव्ही, तो मागे इतका फुगलेला की शोकेस भिंतीपासून पुढे ओढलेली. समोर दिवाण, मध्ये टीपॉय, कोपऱ्यात शिवणाचं मशीन, दाराशी चपलांचा स्टँड. दादानं टेप आणली, मापं घेतली, आणि कपाळाला हात लावला. दिवाणाच्या कडेला पोटऱ्या टेकवून उभं राहिलं तर साडेपाच फूट भरत होते.

मग काय, सुरू झाला आमचा खरा खेळ, सामान हलवण्याचा. टीपॉय उभा करून बेडरूममध्ये. मशीन गॅलरीत. दिवाण तिरका करून दाराला लावायचा, म्हणजे खेळ चालू असताना घरात कोणी येऊ शकत नाही आणि बाहेरही जाऊ शकत नाही. एकदा दूधवाला बेल वाजवून वाजवून निघून गेला. आणि टीव्ही डबा असल्यामुळे मेनूतली बारीक अक्षरं कोणाला वाचता यायची नाहीत, एचडीसाठी केलेलं सगळं, तर कुठलं बटण कशाचं ते आम्ही पाठ केलं होतं. डावीकडून दुसरं, मग खालचं.

आणि मग पंखा. ही गोष्ट त्या अमेरिकेतल्या इंजिनिअर लोकांच्या डोक्यात कधी आली असेल असं मला वाटत नाही. किनेक्ट अ‍ॅडव्हेंचर्स म्हणून गेम सोबत फुकट यायचा, त्यात नदीतून तराफा चालवायचा, तर उंच अडथळा आला की उडी मारायची, दोन्ही हात वर. आता आमच्या हॉलमध्ये बरोब्बर मध्यभागी, म्हणजे जिथे उभं राहायचं तिथेच, डोक्यावर सीलिंग फॅन. दादा पाच फूट दहा. पहिल्याच दिवशी तिसऱ्या की चौथ्या उडीला टण्‌ असा आवाज आला, दादा हात धरून खाली बसला, आणि पंख्याचं एक पातं थोडं वाकलं ते आजतागायत तसंच आहे, एक नंबरवर ठेवला की खट्‌खट्‌ वाजतो. स्क्रीनवर मात्र तराफा मस्त नदीतून चाललेला.

तेव्हापासून नियम. "पंखा बंद करा, किनेक्ट लावतोय." एप्रिल-मे, डोंबिवली, दारखिडक्या लावलेल्या (त्याचं कारण खाली सांगते), पंखा बंद, आणि चार माणसं उड्या मारताहेत. घामानं अक्षरशः न्हाऊन निघायचो. आई म्हणायची की जिमवाले पैसे घेतात याचे.

उड्यांवरून आठवलं, खालच्या मजल्यावरचे काका. दुसऱ्याच आठवड्यात वर आले. भांडायला आले नव्हते, फक्त विचारलं की तुमच्याकडे रात्री काय कांडताय का. आईनं चहा केला, दादानं दाखवलं काय आहे ते, काका दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, बरं बरं, पण नऊच्या आत. ठीक आहे म्हटलं. दोन दिवसांनी त्यांचा नातू आला. मग रोज यायला लागला. मग काकांची तक्रार बंद झाली, कारण आता वरून येणाऱ्या धपाधप आवाजात त्यांच्या घरच्याचाही वाटा होता.

बाबा पहिले चार दिवस पेपरामागून बघत होते. पाचव्या दिवशी पेपर खाली ठेवून विचारलं, "यात क्रिकेट नाही?" किनेक्ट स्पोर्ट्समध्ये फुटबॉल, बोलिंग, बॉक्सिंग, टेबल टेनिस, बीच व्हॉलीबॉल, अ‍ॅथलेटिक्स. क्रिकेट नाही. पुढच्या भागात बेसबॉल आला, अमेरिकन फुटबॉल आला, क्रिकेट नाहीच. बाबांनी त्याच क्षणी त्या यंत्राची पत ठरवून टाकली. (क्रिकेट नंतर आलं, पण विरोधी पार्टीकडे. आपल्या मुंबईतल्याच ट्राइन नावाच्या कंपनीनं सोनीच्या प्लेस्टेशन ३ साठी मूव्ह स्ट्रीट क्रिकेट केलं, गल्लीतलं क्रिकेट. मूव्ह म्हणजे सोनीचा हातात धरायचा दांडा, वर आईस्क्रीमच्या कोनासारखा चमकणारा गोळा. कॅमेरा फक्त तो गोळा शोधायचा. गोळ्याचा आकार ठरलेला, त्यामुळे चित्रात मोठा दिसला तर जवळ आणि बारका दिसला तर लांब. इतकं साधं आणि इतकं अचूक, मला आजही वाटतं की खेळायला मूव्हच जास्त चांगला होता. पण आजी दांडा धरून खेळली नसती.)

क्रिकेट नाही म्हणून बाबा टेबल टेनिसकडे वळले, बँकेच्या टूर्नामेंटमध्ये खेळलेले ना. पण इथे बाबांचा आणि किनेक्टचा कधी सूर जुळला नाही. तुम्ही हात हलवला की तो कॅमेऱ्यानं बघायचा, अंतर काढायचं, त्यातून तुमचा सांगाडा काढायचा, मग गेमनं तो वापरायचा, या सगळ्यात सेकंदाचा एक दशांश तरी सहज जातो. मला जाणवायचं नाही. बाबांना जाणवायचं. ते बॉल आला की मारायचे आणि स्क्रीनवरची बॅट नंतर हलायची. "हा माणूस झोपेत आहे," असं ते स्वतःच्याच अवताराबद्दल म्हणायचे. शेवटी ते बॉल यायच्या आधीच मारायला शिकले, आणि मग जिंकायला लागले, पण तोंड वाकडं करूनच जिंकायचे.

आता आजी. हे लिहायलाच खरं तर मी बसले.

आजी वाईची, नऊवारी नेसायची, शेवटपर्यंत. तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे. गुडघे बरे होते, जिभेसारखेच. दादानं तिला उभं केलं, नंदीबैलानं मान वरखाली केली, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तिची आकृती उमटली. दादानं सांगितलं, टाटा कर त्याला. (सुरुवात करायला हात हलवायचा असायचा.) आजीनं टाटा केला, आणि गडी चालू झाला. दोन हात, दोन पाय, सगळं जागच्या जागी.

मग आई उभी राहिली. आईची गोल साडी. आणि स्क्रीनवर जे काय झालं ते बघून आम्ही लोळायचे बाकी होतो. कमरेच्या वर आई, आणि कमरेच्या खाली तिच्या अवताराचे पाय एकमेकांत अडकताहेत, मध्येच गुडघा उलटा, मध्येच दोन्ही पाय एकत्र होऊन जलपरी. आई जागची हलली नव्हती. दादा म्हणाला कॅमेरा खराब आला बहुतेक, आजीला परत उभी केली, आजी एकदम ओके. परत आई, परत जलपरी. असं तीनचारदा झालं तेव्हा माझी ट्यूब पेटली. कासोटा! नऊवारीत दोन पाय वेगळे दिसतात. गोल साडीत कमरेपासून खाली एकच खांब. त्याला पाय सापडतच नव्हते, म्हणून तो मनानंच कुठेतरी ठोकून देत होता.

पुढे कॉलेजमध्ये मी यावरचा मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या केंब्रिजवाल्यांचा पेपर वाचला (२०११ चा, जेमी शॉटन आणि मंडळी), तेव्हा कळलं की माझा अंदाज फार चुकीचा नव्हता. किनेक्ट माणूस "ओळखत" नाही. तो अंतराच्या चित्रातला प्रत्येक ठिपका घेतो आणि ठरवतो की हा शरीराच्या ३१ तुकड्यांपैकी कुठला, डावा खांदा, उजवा गुडघा, डोक्याचा वरचा उजवा भाग वगैरे. हे ठरवायला त्याला आधी शिकवलंय, खऱ्या माणसांच्या हालचाली रेकॉर्ड करून, नाचणं, लाथ मारणं, धावणं, गाडी चालवणं, आणि त्यावरून कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या उंचीच्या, जाडीच्या, कपड्यांच्या खोट्या माणसांची लाखो चित्रं तयार करून. दहा लाख चित्रांवर ते शिकवायला हजार कोअरच्या क्लस्टरला, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांच्या ताफ्याला, एक दिवस लागायचा असं त्यात लिहिलंय. त्या लाखो खोट्या माणसांत एक तरी पाचवारी नेसलेली बाई होती का? मला नाही वाटत. आणि नऊवारी तरी कुठे होती म्हणा, पण आजीची नऊवारी त्याच्या दृष्टीनं सैल पँट होती. जुन्या बायकांनी घोड्यावर बसायला, शेतात राबायला जी सोय केली ती मायक्रोसॉफ्टलाही चालून गेली.

आईनं दुसऱ्या दिवशीपासून खेळायला पंजाबी ड्रेस घातला. प्रश्न मिटला. आजीला त्याचा इतका आनंद झाला की विचारू नका. "माझं लुगडं त्याला चालतं," हे शेजारपाजारी सांगून झालं.

आणि आजीचं बोलिंग! खेळायचं कसं, तर हात बाजूला नेऊन बॉल उचलायचा आणि झोका देऊन पुढे सोडायचा. आम्ही सगळे टीव्हीत बघितलेली अ‍ॅक्शन करायला जायचो, मनगट फिरव, पाय मागे क्रॉस कर, आणि बॉल गटारात. आजीला कोणी टीव्हीत बघितलेलं सांगायलाच नको होतं, तिनं दादाला एकदा बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे सडा टाकायचा." आणि टाकला. तोच हात, कमरेतून किंचित वाकून, बादलीतून तांब्या भरून अंगणात लांबवर सारखा फेकायचा, पन्नास-साठ वर्षं रोज पहाटे केलेली अ‍ॅक्शन, सरळ रेषेत, थरथर नाही काही नाही. दहाच्या दहा पिना. तिला कळलंच नाही काय झालं ते, आम्ही ओरडलो म्हणून ती दचकली. त्या सुट्टीत आजीला बोलिंगमध्ये कोणी हरवल्याचं मला आठवत नाही, खालच्या काकांच्या नातवानं एकदा हरवलं पण तिला चष्मा नव्हता.

फक्त तिला दमल्यावर बसून खेळायचं असायचं आणि ते जमायचं नाही. खुर्चीत बसली की माणूस आणि खुर्ची यांचं त्याला एक गाठोडं दिसायचं. बसलेल्या माणसाची सोय मायक्रोसॉफ्टनं पुढच्या वर्षी दिली, पण ती कॉम्प्युटरवर किनेक्ट लावणाऱ्यांसाठी.

दारखिडक्या का लावायच्या ते सांगते म्हटलं होतं. या यंत्राला तीन डोळे दिसतात पण त्यातले बघणारे दोनच. एक साधा रंगीत कॅमेरा. दुसरा इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड बघणारा कॅमेरा. आणि डावीकडचा जो अंधुक लाल दिसतो तो डोळा नाहीच, तो प्रोजेक्टर आहे, समोर सगळीकडे त्याच न दिसणाऱ्या उजेडाचे हजारो ठिपके फेकतो. ही अक्कल मायक्रोसॉफ्टची नाही, प्राइमसेन्स नावाच्या इस्रायली कंपनीची. ठिपक्यांची नक्षी ठरलेली, पाठ केलेली. भिंतीवर पडली तर एका जागी दिसेल, मध्ये माणूस आला तर त्याच्या अंगावरचे ठिपके थोडे सरकलेले दिसतील, कारण फेकणारा आणि बघणारा यांच्यात साडेसात सेंटीमीटरचं अंतर आहे. किती सरकले त्यावरून किती लांब ते कळतं. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा म्हणजे दोन डोळ्यांमधल्या अंतराचं महत्त्व कळेल.

पण उन्हातही इन्फ्रारेड असतं, आणि भरपूर असतं. आमच्या हॉलची खिडकी पूर्वेला. सकाळी दहाच्या उन्हात ते ठिपके धुऊन निघायचे आणि किनेक्ट आंधळा. म्हणून पडदे, म्हणून दारं बंद, म्हणून तो उकाडा.

ते ठिपके मी बघितलेत. मे महिन्यातच, रात्री लाईट गेले होते, आले तेव्हा फक्त एक फेज आला, हॉलचा दिवा बंद आणि टीव्हीचा प्लग चालू असलं काहीतरी विचित्र. माझ्याकडे तेव्हा एक स्वस्तातला फोन होता, त्याच्या भिकार कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवायचा फिल्टर धड नसावा, कारण मी सहज फोन भिंतीकडे धरला आणि पडद्यावर अख्खी भिंत बारीक बारीक चांदण्यांनी भरलेली. शोकेस, दिवाण, कॅलेंडर, सगळ्यावर. आजी दिवाणावर पडलेली होती, तिच्या लुगड्यावर, चेहऱ्यावर ठिपके. केसांवर मात्र कमी. तिला दाखवलं. ती म्हणाली, "देवी आल्यासारखी दिसतेय मी," आणि कूस बदलून झोपली.

मी सेकंड इयरला होते. त्या रात्री ठरलं की बीईचा प्रोजेक्ट याच्यावर.

आणि मी एकटीच नव्हते, २०१२-१३ च्या आसपास इंजिनिअरिंग कॉलेजांत दर तिसऱ्या ग्रुपचा प्रोजेक्ट किनेक्ट असायचा, हातानं पीपीटी सरकवणे, खुणांची भाषा ओळखणे, रोबोट चालवणे. हे शक्य झालं त्याची पण कहाणी भारी आहे. किनेक्ट बाजारात आला त्याच दिवशी अ‍ॅडाफ्रूट नावाच्या कंपनीनं बक्षीस लावलं की जो कोणी हा कॉम्प्युटरवर चालवायचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि किनेक्ट यांची बोलाचाली करून देणारा प्रोग्रॅम, सगळ्यांसाठी खुला लिहील त्याला १००० डॉलर. मायक्रोसॉफ्ट चिडलं, तर यांनी रक्कम वाढवून ३००० केली. १० तारखेला किनेक्ट युरोपात आला आणि त्याच दिवशी हेक्टर मार्टिन नावाच्या स्पॅनिश पोरानं करून दाखवलं. आणि नंतर बाहेर आलं की बक्षिसामागचे पैसे जॉनी चुंग ली याचे होते, जो स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये किनेक्टवरच काम करत होता! घरातल्याच माणसानं मागचं दार उघडून ठेवलं. मायक्रोसॉफ्टनंही मग नाद सोडला आणि स्वतःचं अधिकृत किट काढलं.

आमचा किनेक्ट कन्सोलसोबतचा, त्याची पिन वेगळीच, लॅपटॉपला लागत नाही, त्याला बाहेरून करंट द्यायचा वेगळा अडॅप्टर लागतो. तो लॅमिंग्टन रोडवर घेतला. दुकानदारानं ओरिजिनल म्हणून दिला, घरी आणला तर वीस मिनिटांत हात लावता येईना इतका गरम. परत गेले तर म्हणाला, मॅडम गरम होतो म्हणजे करंट चांगला देतोय. त्याच अडॅप्टरवर प्रोजेक्ट झाला, खाली स्टीलची ताटली उपडी ठेवून.

व्हायव्हाच्या दिवशी मी पांढरा कुर्ता-सलवार घालून, सगळ्या खिडक्यांना काळे कागद लावून उभी. हात उजवीकडे, स्लाइड पुढे. तीन स्लाइड छान गेल्या. मग एक्सटर्नल सर उठले आणि जवळून बघायला म्हणून माझ्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये आले. किनेक्टनं मला सोडलं आणि सरांना पकडलं. सरांना हे माहीत नाही. सर हात हलवून हलवून मला विचारताहेत की यात इनोव्हेशन काय आहे, आणि त्यांच्या प्रत्येक हातवाऱ्याला मागे एकेक स्लाइड पुढे. शेवटी 'थँक यू' लिहिलेली स्लाइड आली आणि अख्खी लॅब हसायला लागली. मार्क बरे मिळाले, पण सर नाही हसले.

त्याला नसलेली माणसं दिसायची हेही खरं आहे. हँगरला शर्ट-पँट एकावर एक अडकवलेले असले की कधी कधी तिथे सांगाडा काढायचा, हात हलतोय, मान हलतेय. याच्यावर अमेरिकेत लोकांनी धंदा काढला, किनेक्टला टॅबलेट जोडायचा, एसएलएस कॅमेरा म्हणायचं आणि भूत शोधायच्या टीव्ही कार्यक्रमांत वापरायचा, रिकाम्या खोलीत काडीमाणूस दिसला की आत्मा! त्या बिचाऱ्याला माणसं शोधायलाच शिकवलंय, तो खुर्चीतही शोधणार. आमच्या जलपरी झालेल्या आईला त्यांनी काय म्हटलं असतं कुणास ठाऊक.

पुढचं सगळं पटापट झालं. २०१३ ला एक्सबॉक्स वन आणि दुसरा किनेक्ट आला, पहिल्यापेक्षा कितीतरी हुशार, ठिपक्यांऐवजी उजेड जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारा. पण तो सक्तीनं गळ्यात मारला, त्यामुळे कन्सोल ४९९ डॉलर झाला, आणि घरात कायम कान टवकारून बसलेला कॅमेरा ही गोष्ट लोकांच्या कानावर आली नेमकी त्याच वर्षी, ज्या वर्षी स्नोडेननं अमेरिकन सरकारची हेरगिरी बाहेर काढली. वर्षभरात मायक्रोसॉफ्टनं किनेक्टशिवायचा कन्सोल काढला, २०१७ ला उत्पादनच बंद केलं. प्राइमसेन्सला तोवर अ‍ॅपलनं विकत घेतलं होतं, २०१३ मध्येच, आणि २०१७ मध्येच आयफोन टेनच्या वरच्या पट्टीत तशीच ठिपके फेकायची युक्ती आली, चेहऱ्यावर ३० हजार. म्हणजे आजीच्या तोंडावर उमटलेल्या चांदण्या आता लोक दिवसातून शंभरदा तोंडावर घेतात आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडतात.

दादा आता न्यू जर्सीला. त्याच्याकडे हॉल मोठा आहे, अगदी त्या खोक्यावरच्या फोटोसारखा, आणि तिथे त्याच्या लेकीकडे नेक्स प्लेग्राउंड नावाचा एक ठोकळा आहे, एवढासा, त्यात एकच साधा कॅमेरा. ठिपके नाहीत, इन्फ्रारेड नाही, मानेत मोटर नाही. साध्या चित्रावरूनच हातपाय ओळखतो, म्हणजे फिरून आयटॉयवरच आलो, फक्त मध्ये वीस वर्षांची अक्कल आली. व्हिडिओ कॉलवर पुतणी त्याच्यापुढे उड्या मारताना दिसते. आईनं एकदा विचारलं होतं, साडीत चालतो का रे तो? दादा म्हणाला, वहिनीला दिवाळीला नेसायला सांगतो, मग बघू. अजून बघितलेलं नाही.

तर तो माळ्यावरचा नंदीबैल. मी म्हटलं बघू तरी चालतो का. कन्सोल केव्हाच गेला, पण तो ताटलीवाला अडॅप्टर अभ्र्यातच होता, माझा जुना लॅपटॉप आईकडेच पडून आहे. ड्रायव्हर शोधण्यात तास गेला. आई तोवर डबे पुसत बसली होती, म्हणाली कशाला वेळ घालवतेस, कुर्ल्याची मावशी यायचीय. हॉलमध्ये आता सपाट टीव्ही, शोकेस गेली, दिवाणाच्या जागी सोफा, पण पंखा तोच.

शेवटी हिरवा दिवा लागला. घुंss असा आवाज आला आणि मान वर गेली, खाली आली, परत वर गेली आणि तिथेच थांबली. स्क्रीनवर राखाडी रंगात हॉल उमटला, सोफा, दार, डब्यांची रांग.

आई डबा खाली ठेवून उठली, काही न बोलता भिंतीपाशी गेली, पंख्याचं बटण बंद केलं आणि येऊन समोर उभी राहिली.